पानिपत शाखा वगळण्यात येत आहे

"तुम्ही एका माणसाचा बाप पळवलात. दिवसाढवळ्या, ठराव करून, खाली सह्या करून पळवलात."

अलका निवळेकरने कुलमंडळाला लिहायच्या पत्राची सुरुवातच अशी केली. लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली तिची भाची तनया थांबली.

"आत्या यार, वरती सप्रेम नमस्कार तरी टाक."

"तीन वर्षं नमस्कारच केले. चौतीस पत्रं, चौतीस नमस्कार. तू टाइप कर."

हे कुलमंडळ म्हणजे पुण्यातल्या पाच-सहा निवृत्त गृहस्थांची समिती. निवळेकर आडनावाची जगाच्या पाठीवर असतील नसतील तेवढी माणसं शोधायची, मूळ पुरुषापासून प्रत्येकाला वंशवेलीवर आपापल्या फांदीला टांगायचं आणि जाडजूड कुलवृत्तांत छापायचा, हा त्यांचा उद्योग. आपल्याकडे आडनावागणिक अशी पुस्तकं निघतात. माणूस त्यात आधी स्वतःचं नाव बघतो, मग भावकीतल्या कुणाचं नाव चुकलंय ते शोधतो. निवळेकरांची पहिली आवृत्ती एकाहत्तर सालची. दुसरी काढायचं ठरलं तेव्हा दिल्लीकडची माहिती गोळा करायला एक हक्काचं गाढव हवं होतं. अलका केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहणारी, बिनलग्नाची. म्हणजे हिला वेळच वेळ, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. तिलाही ते आवडलं, खोटं कशाला बोलायचं.

सुट्टीचे दिवस तिने गाझियाबाद, फरीदाबाद, नोएडा असे पिंजून काढले. एका निवळेकराने तिला विमा एजंट समजून दार लावून घेतलं. दुसऱ्याच्या सुनेने विचारलं, "आंटी, इससे कोई सर्टिफिकेट मिलता है क्या?" अलका फॉर्म भरून घेत राहिली.

आणि मग पानिपत. जुन्या आवृत्तीत एक नोंद होती: 'श्रीरंग. पानिपतास गेले. निर्वंश.' दिल्लीतले नातेवाईक त्यावर हसायचे. पानिपतला गेलेला निवळेकर परत येतोय कशाला! पण अलकाला बाजारात चादरी-गालिच्यांच्या एका दुकानावर पाटी दिसली, 'निवळेकर हँडलूम'. आत शहात्तर वर्षांचे सुधन्वा निवळेकर बसले होते. श्रीरंग यांचा मुलगा.

"आओ ताई, बसा. चाय पिणार ना? बिल्कुल पिणार." मराठी होती, पण चाल सगळी पंजाबी.

चहा निवायच्या आत म्हाताऱ्याने सगळं सांगून टाकलं. श्रीरंग फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीत कारकून म्हणून आले. तिथे सरहद्दीपलीकडच्या झंगहून आलेली तारावंती होती. नवरा वाटेत मारला गेलेला, कडेवर दीड वर्षाचं पोर. श्रीरंगनी तिच्याशी लग्न केलं. पोराचं नाव सुधन्वा ठेवलं, शाळेत आपलं आडनाव लावलं, पुढे हे दुकान टाकलं. कोकणातून थोरल्या भावाचं एक कार्ड आलं, 'तू आम्हांला मेलास.' संपलं. त्या भावानेच एकाहत्तर साली पुस्तकाला माहिती दिली होती.

"बाबूजींनी मला कधी नाही सांगितलं," सुधन्वा म्हणाले. "माँने सांगितलं, मी बारा साल का होतो. मी जाऊन बाबूजींना विचारलं, मैं आपका हूँ या नहीं? ते म्हणाले, एकोणतीसचा पाढा म्हण. अडला म्हणून मार पण खाल्ला. मग माझी खात्री झाली."

अलका हसली. मग डोळे पुसून तिने फॉर्म काढला, आणि तिथेच तिच्या हातून घाण झाली. फॉर्ममध्ये रकाना होता: औरस की दत्तक. दुसऱ्या कुणीही 'औरस' वर खूण केली असती आणि चहाचा दुसरा कप घेतला असता. पण एकतीस वर्षं सरकारी फाइली हाताळलेली बाई ती. रकाना अर्धवट राहिला की फाइल परत येते, हे तिच्या हाडात भिनलेलं. तिने शेऱ्याच्या जागी अख्खी हकीकत लिहिली. खाली पुरवणी कागद जोडला. लग्नाचा दाखला आणि शाळेचा दाखला झेरॉक्स करून टाचला. कुणी मागितलं नव्हतं.

पुण्याहून उत्तर आलं, 'प्रकरण विचाराधीन आहे.' हे वाक्य अलकाने स्वतः हजार वेळा लिहिलेलं. कुणीही कसलाही विचार करत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. तिने पत्रं पाठवली, मेल पाठवले. फोन केला की कार्यवाह म्हणायचे, "समितीसमोर ठेवतो." समिती कधी भरते विचारलं की म्हणायचे, "भरते, भरते." इकडे दर रविवारी पानिपतहून फोन यायचा, "ताई, किताब कब?" ती सांगायची, प्रेसमध्ये आहे. तीन वर्षं ती त्या म्हाताऱ्याशी खोटं बोलत होती.

शेवटी ठराव आला. रक्ताचा संबंध नसल्याने पानिपत शाखा वगळण्यात येत आहे. श्रीरंग यांची पूर्वीची नोंद कायम. म्हणजे निर्वंश.

बाप पळवल्याचं पत्र गेलं, त्यालाही उत्तर नाही. पण महिनाभराने कार्यवाह आणि दोन सभासद दिल्लीला येत असल्याचं कळलं. छापण्याआधीची प्रत दिल्लीकरांना दाखवायची होती. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या अतिथीगृहात, जेवणाच्या खोलीत, सकाळी अकराला.

अलकाने आदल्या दिवशी पानिपतला फोन लावला. "काका, त्यांनी तुम्हांला पुस्तकातून काढलंय. माझ्यामुळे. मी सगळं लिहून बसले."

पलीकडे काकांनी दुकानातला पंखा बंद केला. मग म्हणाले, "कितने बजे है मीटिंग?"

बैठकीला वीस-पंचवीस माणसं होती. कार्यवाह गोड बोलणारे. कुणाला फांदी दाखव, कुणाच्या नातवाचं कौतुक कर, असं त्यांचं चाललं होतं. अलका सुधन्वाकाकांना घेऊन थेट त्यांच्या टेबलाशी गेली. तनया मागे मोबाइल धरून.

"अलकाताई, तुमच्या भावना मी समजतो," कार्यवाह म्हणाले. "तुमच्या कष्टांचा प्रस्तावनेत उल्लेख केलाय. पण वंश म्हणजे रक्त. हे शास्त्र आहे, त्याला आपण काय करणार?"

"पान तीन काढा," अलका म्हणाली. "काढा ना. मूळ पुरुषाला मूल झालं नाही. त्याने शेजारच्या गावातला मुलगा दत्तक घेतला, दुसऱ्या घराण्यातला. या खोलीत समोसे खातायत ते सगळे त्या दत्तकाचे. कुणाचं रक्त घेऊन बसलायत तुम्ही?"

कार्यवाहांनी चष्मा काढून पुसला.

"तिथे रीतसर दत्तविधान झालं होतं. होम झाला होता. इथे झाला होता का?"

"छावणीत?" तनया मागून बोलली. "सीरियसली?"

"मोठ्यांच्यात बोलू नये, बाळ."

"बाळ मत बोलिए मुझे."

सुधन्वाकाकांनी तनयाला हाताने थांबवलं. उभ्या उभ्याच, कार्यवाहांकडे बघत बोलायला लागले. आवाज चढलेला नव्हता.

"होम नाही झाला साहेब. तंबू होते, बारिश होती. पण बाबूजी गेले चौऱ्याऐंशीला. दहाव्या दिवशी नहरवर पिंड ठेवला. तिथला पंडित बोलला, कौए का क्या काम, चलो घर. मी नाही हललो. बाबूजींनी सांगून ठेवलं होतं, कावळा शिवल्याशिवाय उठायचं नाही. मी हात जोडून म्हटलं, बाबूजी, माँला मी बघेन, दुकान बंद नाही करणार. आला कावळा. तेव्हापासून दर साल पितरांना करतो. एक साल चुकलं नाही."

कार्यवाह काही बोलायला गेले. "हे बघा, तो श्रद्धेचा भाग झाला. आपण हा मुद्दा समितीसमोर..."

"समिती ही इथे बसलीय," अलका म्हणाली. तिचा हात त्या प्रतीवर होता आणि ती तो काढत नव्हती. "पुढची तारीख नको. शास्त्र तुम्ही काढलंत, आता शास्त्रातच सांगा. तुमच्या पुस्तकात श्रीरंग निर्वंश आहेत. मग त्या दिवशी कावळा शिवला तो कुणाच्या हातच्या पिंडाला? लेकाच्या, की परक्याच्या? परक्याच्या असेल तर यांच्या तोंडावर म्हणा, काका, तुमचा बाप उपाशी गेला. हे उभे आहेत तुमच्यासमोर, पानिपतहून आलेत. म्हणा की! खाली काय बघताय? उत्तर द्या."