गाऱ्हाणे ऐकलेले बाकडे

मित्रांनो, माझ्यावर बसून कंटाळलेली माणसे मी पुष्कळ पाहिली. मला कंटाळा येतो का, हे मात्र कोणी विचारले नाही. मी एक जुने बाकडे आहे, फणसाच्या लाकडाचे. देवगडच्या बाजूला, समुद्र ऐकू येतो पण दिसत नाही अशा एका वाडीत सुताराने मला शाळेसाठी घडवले. माझा एक पाय किंचित आखूड राहिला. तो अजून तसाच आहे.

शाळेचे असूनही मला दुसरी नोकरी होती. देवळाच्या जत्रेत दशावतारी नाटक असले की मला उचलून नेत. दशावताराला सामान ते काय लागते? मागे पडदा आणि पुढे एक बाकडे. त्यावर राजा बसला की ते सिंहासन, आडवा झाला की पलंग, चढून उभा राहिला की डोंगर. लाकडाला याहून मोठा मान कुठे मिळणार? दुसऱ्या दिवशी पहिलीची पोरे माझ्यावर पेन्सिलीने रेघोट्या मारत आणि माझा तोरा उतरवत.

त्या नाटकातला राजा म्हणजे बाबलीमामा. एरवी तो काजूच्या बागेत राबायचा आणि जत्रांच्या दिवसांत गावोगाव राज्य करायचा. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नटाने उभ्या उभ्या रचायचे असतात. शाळेच्या विनीताबाईंनी त्याला दर शनिवारी मुलांना नाटक शिकवायला बोलावले. बाईंनी छान अक्षरात संवाद लिहून आणले होते. मामाने ते कागद घडी करून त्यांनाच परत दिले.

"बाईनू, पाठ केलेला इसारता," तो म्हणाला. "आपला बोलणा इसारना नाय."

मग त्याने मला वर्गाच्या मधोमध ठेवले. "ह्या बाकड्यार बसतलो तो राजा. राजा बोलता तवसर मदी कोणी तोंड उघडूचा नाय."

पोरांनी काय काय राज्ये केली म्हणून सांगू! कोणी गणिताला हद्दपार केले, कोणी रोज जेवणात बांगड्याचे तिखले, माशाचे झणझणीत कालवण, ठेवले. तेजस्वी मात्र माझ्यावर बसून नुसती पायांकडे बघत राहायची. नाव तेजस्वी, पण हजेरीलासुद्धा तोंड न उघडता हात वर करणारी. पोरे ओरडायची, "मामा, ही बोलाचीच नाय!"

"गप रवलो तरी राजा तो राजाच," मामा म्हणायचा. "बस गो बाय. तुका बोलासा वाटात तेवा बोल."

असा धीर धरणारा मास्तर मी दुसरा पाहिला नाही. मला तो फार आवडायचा.

पुढे शाळेवर संक्रांत आली. पटावर मुले कमी, म्हणून शाळा बंद करून सगळ्यांना डोंगरापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायचे घाटत होते. पाहणीला एक साहेब येणार होते. मामा म्हणाला, "आपण गाऱ्हाणा घालूया." आमच्याकडे देवापुढे एकजण मागणे मांडतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला साथ देतात, ते गाऱ्हाणे. इथे मामा राजा होऊन बसणार होता आणि मुले त्याच्यापुढे शाळा मागणार होती.

साहेब आले. माणूस साधा होता. खुर्ची बाजूला सारून म्हणाले, "मी मुलांसारखा बाकावरच बसतो," आणि राजाच्या जागी तेच बसले. मामा पोरांच्या कानाशी हसून कुजबुजला, "बरा झाला. खरो राजा गावलो."

सुरुवात ओंकारने करायची होती. तो साहेबांच्या बुटांकडे बघतच राहिला. आणि तेजस्वी पुढे आली, हात जोडून.

"बा राजा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" पोरे दचकून म्हणाली.

"आमची शाळा बारकी आसा, पण आमची आसा."

"व्हय म्हाराजा!" आता भिंतीशी उभे असलेले गावातले पुरुषही म्हणाले. गाऱ्हाणे कानावर पडले की आमच्या माणसाला गप्प राहवत नाही.

"वाटेत व्हाळ आसा म्हाराजा. पावसात तो भरता. तेवा आमका पलीकडे कोण न्हेतलो? हय माका बोलूक येता. थंय येवचा नाय. आमची शाळा हयच ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

विनीताबाई पदराने डोळे पुसत होत्या. साहेबांचेही डोळे भरून आले. ते उठले आणि त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

"वा! काय अभिनय! हिला स्पर्धेत उतरवा हो!"

मामा पुढे झाला. साहेबांशी बोलायचे म्हणून तो शुद्ध भाषेत बोलला. "साहेब, ते नाटक नव्हतं."

"हेच तर तुमचं यश, मामा!" साहेब त्याची पाठ थोपटत म्हणाले. "नाटक वाटलंच नाही."

चहा पिऊन ते गेले. शाळा बंद झाली. विनीताबाईंची बदली झाली आणि मला देवळाच्या मंडपात आणून टाकले.

जत्रेच्या आदल्या दिवशी मामा मला फडक्याने पुसत होता. तेजस्वी आईबरोबर देवळात आली. आई म्हणाली, "मामानू, नव्या शाळेत ही एक शबुद काढणा नाय. आता घराकडेय गप. तुमी तरी बघा."

मामाने तिला माझ्यावर बसवले. "बोल गो बाय, माझ्याकडे बोल."

तिने माझ्यावरच्या जुन्या पेन्सिलीच्या रेघोट्यांवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "बोलान काय होता, मामा?"

ज्याला भरल्या जत्रेत कधी शब्द कमी पडला नाही, तो मामा माझी पुसून झालेली कडच पुन्हा पुसू लागला. ती उठून आईमागे निघून गेली. मामा आजही नाटकात राजा होतो. शिकवायला कोणी बोलावले तर नको म्हणतो.

मित्रांनो, मी लाकूड. माझ्याने काही होण्यासारखे नाही. पण तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातला कोणी साहेबही होईल. एखादे पोर धीर करून तुमच्यापुढे बोलले, तर ते किती छान बोलले हे मागाहून सांगा. आधी त्याने काय मागितले ते ऐका. द्यायचे नसेल तर तोंडावर नाही म्हणा. आमच्या तेजस्वीला कोणी नाहीसुद्धा म्हटले नाही.