धाकूचा पहिला पेला

भावनाने सहा पस्तीसला पाड्यांच्या ग्रुपवर ‘मासे ठीक’ असं टाकलं, डबे भरले आणि धुण्याची पाटी घेऊन घाटावर उतरली. शेवटच्या पायरीवर तिने पाटी तशीच टाकली.

खडवलीच्या या घाटापासून खालच्या सात पाड्यांनी मिळून नदी राखायला घेतली त्याला तीन वर्षं होत आली. पद्धत साधी. वरच्या घाटावरच्या बाईने सहाला बादलीभर ताजं पाणी घ्यायचं, त्यात पाच बारके मासे सोडायचे, अर्धा तास बघायचं. मासे फिरते राहिले तर तसं कळवायचं. मग सातला खालच्या पाड्याचा पंप सुरू होतो. तिथे धाकू भोईर पहिला पेला सगळ्यांदेखत पितो आणि पंधरा मिनिटं ओट्यावर बसून राहतो. तो धड उठला की हंडे भरतात आणि पुढचे पंप चालू होतात. कुणीतरी वर कुठे टँकर रिकामा करतं, आणि त्या पाण्याला ना रंग असतो ना वास. माणसाला कळत नाही ते माशाला कळतं, म्हणून हा खटाटोप.

धाकू हा भावनाचा बाप.

आता यात अवघड काय आहे? काही नाही. पण सकाळी दोन डबे, नवऱ्याची पहिली पाळी आणि घाटाच्या साठ पायऱ्या. महिन्यापूर्वी भावनाने डोकं चालवलं आणि बादली आदल्या संध्याकाळीच भरून घरी ठेवायला लागली. महिनाभर काही बिघडलं नाही, तेव्हा बाईसाहेबांना आपण फार हुशार आहोत असं वाटू लागलं होतं.

आज पायरीला पांढरी पोटं वर करून मासे लागले होते, शेकड्यांनी. घरच्या बादलीतले पाच मात्र कालच्या पाण्यात मजेत फिरत होते.

ती धावत वर आली. सात वाजून दोन मिनिटं. ग्रुप उघडला, पण लिहायला बोट उठेना. सातही पाड्यांना कळलं असतं. बापालाच सांगू, तो गुपचूप पंप बंद करील, असं तिच्या भित्र्या मनाने ठरवलं. फोन नुसता वाजत राहिला. पंपाच्या आवाजात धाकूला कधी काय ऐकू आलंय?

तिने स्कूटी काढली. वाटेत दोनदा थांबून फोन केला, दोन्हीदा वाजून बंद झाला. बाबा, आज उशीर करा, एवढंच ती पुटपुटत राहिली.

पंपाजवळ हंडे रांगेत लागलेले. ओट्यावर धाकू, हातात पेला. भावनाने तो हिसकावला. पेला रिकामा होता.

“काय झाला गो?” धाकूने विचारलं.

“बाबा, पानी खराब हाय. मासं मेलेत घाटावर.”

“तूच लिवलंस ना, ठीक हाय म्हणून?”

सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. रांगेत पुढे गोदाकाकी होती, भावनाला अंगाखांद्यावर खेळवणारी.

“बादली कालची व्हती,” भावना म्हणाली. “मी रोज आदल्या सांजेलाच भरते.”

गोदाकाकीने पंप बंद केला आणि आपला रिकामा हंडा काखेत मारला. पाड्यातला साईनाथ आपली व्हॅन आणायला धावला.

धाकूने कपाळावरचा घाम पुसला. एवढ्या सकाळी त्याला घाम आला होता. “बाकीचे पाडे माझ्यासाठी थांबलेत,” तो म्हणाला. “लिव त्यांना.”

“आधी चला तुमी.”

“आधी लिव. समदा लिव.”

भावनाने लिहिलं: ‘पंप लावू नका. बादली कालची होती. चूक माझी. धाकूबाबा पाणी प्यायलेत.’ बाकीच्या सहाही पाड्यांनी वाचल्याची खूण उमटली तेव्हाच धाकू उठायला गेला आणि परत बसला. साईनाथने त्याला जवळजवळ उचलून व्हॅनमध्ये घातलं.

कल्याणचं हॉस्पिटल अर्ध्या तासावर होतं. भावनाने बापाचा गार पडलेला हात दोन्ही हातांत धरला. तो सारखा घड्याळ बघत होता. त्याची पंधरा मिनिटं अजून भरायची होती.