पहिल्या झाडावरचं तेल

अकरा दिवस मामा-मामीचं बोलणं बंद होतं. भांडण कशावरून, तर संत्र्याच्या बागेवर काय फवारायचं यावरून. मामीला पानांवर लाल कोळी दिसत होते, म्हणून गंधक. मामाला फांद्यांवर खवलेकीड दिसत होती, म्हणून तेल. चष्मा मात्र दोघांत एकच होता.

घरातले सगळे निरोप माझ्यामार्फत जात. मीठ पुढे सरकवायचं असलं तरी.

पंप दुरुस्तीला गेला होता. तो परवा संध्याकाळी परत आला. आज ऊन चढायच्या आत मामाने टाकीत तेल-पाणी ढवळलं आणि पंप सुरू केला. तेलाचा थर चढला की किडीचा श्वास कोंडतो, एवढं सरळ काम. पहिलं झाड निथळायला लागलं तोच मामी बांधावरून पळत आली. तिला पळताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

“ह्यांना सांग, थांबा म्हणावं.”

मामा तिच्यापासून चार हातांवर होता. मी सांगितलं.

“तिला विचार, का?”

मी विचारलं. मामीने पदराने कपाळ पुसलं. मामाने पंपाचा जोर वाढवून फवारा दुसऱ्या झाडाकडे वळवायला घेतला.

“मामी, कारण हवंय त्याला.”

“सांग, ते तेल आणायला गेले त्या दिवशी मी सगळ्या बागेवर गंधक मारलं. मग पंप बिघडून दुरुस्तीला गेला, तो महिनाभर येत नाही असं धरून चालले होते.”

तेलाच्या डब्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: गंधकानंतर तीस दिवस वापरू नये, झाड करपतं. बागेत दोनशे दहा झाडं, फळं सुपारीएवढी. मी ओरडलो. पंपाच्या घरघरीत मामाने ऐकू येत नाही अशी कानाकडे खूण केली आणि काम चालू ठेवलं.

मग मामी दुसऱ्या झाडाला पाठ लावून उभी राहिली. फवारा सगळा तिच्या अंगावर.

मामाने पंप बंद केला.

“गंधक मारलंय मी,” ती थेट त्याला म्हणाली. केसांतून तेल गळत होतं.

“कधी?”

“आपलं बोलणं बंद झालं त्याच दिवशी.”

मामाने बोटांवर दिवस मोजले. “म्हणजे अजून एकोणीस दिवस.” मग माझ्याकडे वळून, “हिला सांग, डोळे पूस.” आणि मी सांगायच्या आत रुमाल स्वतःच पुढे केला.

पहिलं झाड आम्ही तिघांनी साबणाच्या पाण्याने धुतलं. तरी ते आठवड्यात करपलं. बाकी दोनशे नऊ वाचली.

मामीच्या अंगावर महिनाभर एकही कीड बसली नाही. हे मामा तिला तोंडावर सांगतो.