दातांनी ओढलेला दहा टनांचा डबा

बंद पडलेल्या कारखान्याच्या रुळांवर निम्मं गाव लोटलं होतं. मधोमध मालगाडीचा एक जुना रिकामा डबा, दहा टनांचा. चाकांपुढे झेंडूचे ढीग. समोर रेशमी कफनीतले चक्रानंद बाबा.

"आधी पैलवान ओढंल!" शिष्य केरबा ओरडला.

तालमीतला विजयसिंह दोर खांद्यावर घेऊन वाकला. मानेच्या शिरा फुगल्या, तोंड लालबुंद झालं. डबा तसूभर हलला नाही.

"चक्रशक्ती निद्रिस्त आहे!" बाबांनी निदान केलं. नारळ फुटला. केरबानं चाकांपुढची फुलं भक्तिभावानं परातीत भरली. मग बाबांनी दोर दातांत धरला, आणि डबा करकरत दोन हात सरकला. गर्दीनं जयजयकार केला.

"दहा टन ओढणाऱ्याला साखरेचा आजार काय जड? सुया फेकून द्या!" बाबा गरजले.

अरिहंतनं लेकीची इन्सुलिनची पिशवी बाबांच्या पायाशी ठेवली. बारा वर्षांची आदिती आजोबांना बिलगली. आजोबा म्हणजे भूपाल. रेल्वेत डबे तपासण्यात हयात गेली, पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटायचा. आपलं चुकलं तर गाव हसेल. पण इन्सुलिन थांबलं तर ही पोर किती दिवस जगेल?

तो पुढे झाला. "बाबा, मी... मी ओढू का जरा?"

"आजोबा, कंबर मोडंल की!" केरबा खिदळला.

"मोडली तर बाबा हाईत की जोडायला."

भूपालनं दोर खांद्यावर घेऊन रेटा दिला. डबा निमूट चालू लागला.

"आयला! मग माझ्यानं का हलला न्हाय?" विजयसिंह.

भूपालनं परात उपडी केली. झेंडूतून दोन लाकडी पाचरी खटकन रुळावर पडल्या. "तू ओढलंस तवा ह्या चाकांखाली व्हत्या."

"त्यो... परसाद हाय," केरबा चाचरला.

"मग खा की!" गर्दीतून धोंडुबाई कडाडली.

भूपालचा आवाज आता कापत नव्हता. "चाक पोलादाचं, रूळ पोलादाचा. दोघं एकमेकांना टेकतात ती जागा अंगठ्याच्या नखाएवढी. बैलगाडीचं चाक चिखलात रुततं, म्हणून बैल दमतात. हिथं रुतायला काय न्हाईच. सपाट रुळावर पन्नासेक किलोचा जोर बास. मी चाळीस वर्षं डबे ढकललेत. कुणी हार घातला न्हाय."

अरिहंतनं मान खाली घालून पिशवी उचलली. "चला अप्पा. तिची सुईची वेळ झालीया."

बाबांचे दात खरोखरच मजबूत होते, हे कबूल करायला हवं. पण दातांच्या जोरावर कुणाच्या रक्तातली साखर उतरत नाही. अचाट काही दिसलं, तर ते कसं घडलं हे विचारा, आणि उत्तर मिळो न मिळो, औषध चालू ठेवा.