बोट लागली

मिस्त्रींची लेक एका प्रवासी कंपनीच्या ऑफिसात कामाला होती. पहिल्यांदा बोटीच्या सहलीला निघालेली माणसं हमखास तिच्या टेबलाकडे पाठवली जायची. घाबरलेल्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवावं, पाणी द्यावं आणि हसतं करून बाहेर पाठवावं, ते तिनेच. बेटावर उतरलात तर बोट सुटायच्या बऱ्याच आधी परत या, ती कुणासाठी थांबत नाही. औषधं जवळच्या पिशवीत ठेवा, मोठी बॅग खोलीत कधी येईल सांगता येत नाही. ढग आहेत म्हणून टोपी विसरू नका, तिथलं ऊन ढगातूनही सोलून काढतं. हे ती इतक्या आपुलकीने सांगायची की माणसाला वाटावं, ही आपल्या घरातलीच कुणीतरी आहे. ती स्वतः बोटीवर एकदाच गेली होती, तेही बोट बंदरात उभी असताना.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. त्यांचा सगळा जन्म इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या पोकळीत, तारा आणि वंगणात गेला. आजूबाजूचे सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत आणि त्यांची बायको, जी घरी बसून लोकांचे पडदे शिवायची, ती ओघानेच मिस्त्रीणबाई झाली होती. मिस्त्रींनी काम सोडलं तेव्हा लेकीने आईबापांना बोटीने बेटं बघायला पाठवायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी ती बॅग भरून द्यायला घरी आली.

"बोट लागली की काय करायचं ते नीट ऐका," ती म्हणाली.

"मला कसली बोट लागतेय? मी जन्मभर वरखालीच केलंय."

"बाबा, लिफ्ट सरळ वर जाते नि सरळ खाली येते. बोट चारी बाजूंनी हलते. पहिल्यांदा जाणाऱ्या सगळ्यांना लागते. मळमळेल, दरदरून घाम फुटेल, अंगातलं बळ गेल्यासारखं वाटेल. घाबरायचं नाही. गोळी घ्यायची आणि खोलीत आडवं व्हायचं. आणि उठसूट डॉक्टरकडे पळू नका. उलटी म्हटली की ते पोटाची साथ समजतात आणि खोलीत कोंडून ठेवतात. मग बेट खिडकीतून बघायची वेळ येते."

"आमच्या खोलीला खिडकी आहे का?"

"नाही."

"म्हणजे तेही नाही," मिस्त्री म्हणाले आणि तिघंही हसली.

बोटीवर पहिला दिवस मजेत गेला. खोली एवढीशी होती. एकाने कपाट उघडलं की दुसऱ्याने पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. मिस्त्रींनी समुद्राआधी लिफ्ट बघून घेतली. दाराला कान लावून उभे राहिले आणि खूश होऊन म्हणाले, "काम चोख आहे हो यांचं." संध्याकाळी बँड वाजायला लागला तशी त्यांनी बायकोचा हात धरून तिला उठवलं. दोन गिरक्यांतच मिस्त्रीणबाई लाजून खुर्चीत येऊन बसल्या. ते एकटेच नाचत राहिले, दोन्ही हात वर करून. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सकाळी मिस्त्रीणबाईंना जाग आली ती कपाटातले हँगर एकमेकांवर आपटत होते त्या आवाजाने. बोट चांगलीच डोलत होती. मिस्त्री पलंगाच्या कडेला बसले होते. बनियन पाठीला चिकटलं होतं.

"लागली बहुतेक," ते म्हणाले.

"काय?"

"बोट. लेकीचंच खरं झालं."

त्यांना दोनदा उलटी झाली. मिस्त्रीणबाईंनी पाठीवरून हात फिरवला, तोंड पुसलं, गोळी दिली, उशी सरळ केली. मिस्त्री गाल धरून म्हणाले, दाढही ठणकतेय, काल काहीतरी कडक चावलं. त्याचंही मिस्त्रीणबाईंना विशेष वाटलं नाही. मिस्त्रींच्या अर्ध्या दाढा किडक्याच होत्या. उलट मनातून जरा बरंच वाटलं, कारण लेकीने जसं सांगितलं होतं तसंच सगळं चाललं होतं. मळमळ झाली, घाम फुटला, बळ गेलं. आता गोळीने उतरेल.

खोली आवरणारी बाई आली. चाळिशीची, थकलेल्या चेहऱ्याची. तिच्या पावलांचा आवाज आला तसा मिस्त्रीणबाईंनी उलटी दिसू नये म्हणून बेसिनवर टॉवेल टाकला होता. बाईने पलंगाकडे बघितलं.

"साहेबांना बरं नाही का? डॉक्टरांना कळवू?"

"नको, नको. बोट लागलीय नुसती."

"चेहरा बरा दिसत नाही."

"पहिल्यांदाच आलोय ना आम्ही," मिस्त्रीणबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने कर्ण्यावरून सांगितलं गेलं की बेट आलं. हँगरांचा आवाज थांबला होता, पण ते मिस्त्रीणबाईंच्या ध्यानात आलं नाही. मिस्त्री डोळे मिटून पडले होते.

"तू जा वर," ते म्हणाले.

"तुम्हाला टाकून?"

"मी कुठे पळून जातोय? बघून ये आणि मला सांग. दोघांनीही का बुडवायचं?"

त्या गेल्या. इतक्या लांब येऊन काहीच न बघता परत गेलो तर लेकीला वाईट वाटेल, असंही त्यांच्या मनात आलं.

वर डोळे दिपवणारं ऊन होतं. समोर बेट होतं, अगदी चित्रासारखं. पांढरी वाळू, तिच्यामागे नारळाची दाट रांग आणि खाली तळ दिसेल इतकं नितळ पाणी. माणसं रंगीत टोप्या घालून छोट्या होड्यांत उतरत होती. कठड्याशी एका म्हाताऱ्या गृहस्थाने छोट्या टेबलावर सरबताचा ग्लास ठेवला होता. काठोकाठ भरलेला. मिस्त्रीणबाईंची नजर सहज त्यावर गेली आणि तिथेच राहिली. सरबत जराही हलत नव्हतं.

"बोट उभी आहे का?" त्यांनी विचारलं.

"केव्हाची. नांगर टाकलाय," गृहस्थ म्हणाले. "पाणी बघा, तळ्यासारखं."

मग यांना कशाची लागलीय, असं त्यांच्या मनात आलं आणि त्या मागे फिरल्या.

लिफ्टसमोर बेटावर निघालेल्यांची गर्दी होती. त्या जिन्याने धावल्या. सगळे मजले सारखे, सगळी दारं सारखी. एका दाराला त्या चावीचं कार्ड लावत राहिल्या आणि आतून परकाच आवाज आला. त्या आणखी एक मजला उतरल्या. खोलीत मिस्त्री तसेच पडले होते, पण रंग राखेसारखा झाला होता.

"छातीवर कुणीतरी बसलंय गं," ते म्हणाले. कुणाची तरी तक्रार केल्यासारखे.

मिस्त्रीणबाईंनी खोलीतल्या फोनवरून कळवलं तशी डॉक्टर लगेच आली. स्ट्रेचर आलं, माणसं आली. बोटीच्या दवाखान्यात त्यांनी बराच वेळ प्रयत्न केले. मिस्त्रीणबाई पडद्याबाहेर उभ्या होत्या आणि आतून पलंगाचा करकर आवाज येत होता. तो थांबला. डॉक्टर घामाघूम होऊन बाहेर आली. आपल्या लेकीच्याच वयाची, हे मिस्त्रीणबाईंना तेव्हा दिसलं. जे सांगायचं ते तिने सांगितलं. मग विचारलं, "त्रास कधीपासून होत होता?"

"सकाळपासून."

"मला बोलावलं का नाही?"

"आम्हाला वाटलं, बोट लागली."

डॉक्टरने मान हलवली. "बऱ्याच जणांना तसंच वाटतं," ती म्हणाली. बोलावलं असतं तर वाचले असते का, हे मिस्त्रीणबाईंनी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

एका अधिकाऱ्याने त्यांना खाली बसवून समजावलं. मृतदेह घेऊन इथे बेटावर उतरता येईल, पण पुढची सोय लागायला किती दिवस जातील ते सांगता येत नाही. नाहीतर बोटीवर त्यासाठी थंड खोली आहे, बोट परत पोचेपर्यंत ते तिथे राहतील.

"अनोळखी जागी त्यांना घेऊन मी कुठे बसू?" मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "राहू दे बोटीवरच."

मग अधिकाऱ्याने लेकीला फोन लावून दिला. पलीकडे लेकीचं रडणं जरा ओसरल्यावर तिने विचारलं, "आई, त्रास झाला का त्यांना?"

मिस्त्रीणबाईंनी आधी काहीच ठरवलं नव्हतं. "नाही गं," त्या म्हणाल्या. "झोपेतच गेले."

बोट पुढच्या बेटाला गेली, मग त्याच्या पुढच्या. दर ठिकाणी माणसं उतरायची आणि लाल होऊन, शिंपले घेऊन परत यायची. भिंतीपलीकडून बँड ऐकू यायचा. मिस्त्रीणबाई खोलीतच राहिल्या. ते कुठल्या मजल्यावर आहेत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या पायाखाली की डोक्यावर, एवढं तरी कळावं असं सारखं वाटायचं. आवरणारी बाई जेवण आणून ठेवायची आणि कामाचा खोळंबा करून थोडा वेळ पलंगाच्या कडेला बसायची. त्या सकाळबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं, असंही मिस्त्रीणबाईंना कधीकधी वाटायचं.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला लेक तेच सांगायची, बाबा झोपेतच गेले, कळलंसुद्धा नाही त्यांना. ऐकणारे म्हणायचे, भाग्यवान माणूस. लेकीला त्याचा आधार होता. ती जेवत होती, झोपत होती. तेवढ्यासाठी मिस्त्रीणबाई गप्प राहिल्या. पडदे शिवायला त्यांनी पुन्हा सुरुवात केली. यंत्राच्या आवाजात डोकं जरा रिकामं राहायचं.

लेकीच्या ऑफिसचे पडदे उन्हाने विटले होते. नवे शिवून झाल्यावर मिस्त्रीणबाई एका दुपारी ते घेऊन तिथे गेल्या. लेकीसमोर एक नवरा-बायको बसले होते, साठीच्या पुढचे. नवरा अंगाने जड होता. नुसता जिना चढून आल्याने त्याला अजून धाप लागली होती. मिस्त्रीणबाई मागच्या बाकावर पडदे मांडीवर घेऊन बसल्या.

"आणि बोट लागली तर मुळीच घाबरायचं नाही," लेक सांगत होती. "मळमळेल, घाम येईल, सगळ्यांनाच होतं. गोळी घ्या, आडवे व्हा. लगेच डॉक्टरकडे जाऊ नका, खोलीत कोंडून ठेवतात. माझे आईबाबासुद्धा गेले होते. बोटीचा काही त्रास झाला नाही त्यांना."

बाई नवऱ्याला म्हणाली, "ऐकलंत? उगाच गडबड करायची नाही तिथे."

मिस्त्रीणबाई उठल्या. मांडीवरचे पडदे खाली पडले.

"डॉक्टरला बोलवा," त्या म्हणाल्या.

तिघांनीही मागे वळून बघितलं.

"घाम फुटला, दाढेत, जबड्यात दुखलं, छाती भरून आली तर डॉक्टरला बोलवा. त्यांनी कोंडलं तर कोंडू दे. बेट बघायचं राहिलं तर राहू दे. लागलीय, लागलीय म्हणून पडून राहू नका."

"आई?" लेक म्हणाली. मग तिने आईच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. त्या दोघांना तिने तुमच्या डॉक्टरांना विचारून मगच ठरवा, असं सांगून दारापर्यंत पोचवलं. परत येऊन तिने पडलेले पडदे उचलून टेबलावर ठेवले.

"झोपेत नव्हते ना गेले?"

"नाही."

"तू कधी सांगणार होतीस?"

"कधीच नाही," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

त्यानंतर लेक आईकडे यायची बंद झाली. जावई येऊन जायचा. तो म्हणाला, "तिने ते टेबल सोडलंय, आता आत तिकिटांच्या कामाला बसते. घरात फार बोलत नाही. तुमच्यावर राग नाहीये तिचा." राग असता तरी मिस्त्रीणबाईंना चाललं असतं. कानाला लावलेला फोन पलीकडून कुणी उचलत नाही, ते सोसवत नव्हतं.

एका सकाळी ती आली. चपला न काढता तशीच स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"सगळं सांग," ती म्हणाली. "काही गाळू नकोस."

मिस्त्रीणबाईंनी सांगितलं. घाम, दाढ, गोळी. आवरणारी बाई डॉक्टरला कळवू का म्हणत होती आणि आपणच नको म्हणालो, ते. बेसिनवर टाकलेला टॉवेल. त्यांना एकटं टाकून वर गेलो, तो भरलेला ग्लास, चुकलेला मजला. सांगताना त्या कुठेही अडखळल्या नाहीत. इतके दिवस रोज मनाशी तेच घोकत होत्या.

"तिथे मी होते," त्या शेवटी म्हणाल्या. "तू नव्हतीस. डोळे मला होते."

लेक ओट्याला टेकली. मग तिने विचारलं, "मला फोन का नाही केलास?"

"भर समुद्रात लागत नव्हता."

"लागला असता तरी काय," लेक म्हणाली. "पडून राहा, असंच सांगितलं असतं मी."

मिस्त्रीणबाईंना, नाही गं, असं म्हणावंसं वाटलं. पण ते खरं नव्हतं, आणि खोटं सांगून काय होतं ते दोघींनी बघितलं होतं. त्यांनी लेकीच्या हातातली पर्स काढून घेतली, तिला खुर्चीवर बसवलं आणि खाली वाकून तिच्या चपलांचे पट्टे सोडले. लेकीने पाय मागे घेतले नाहीत. ती रडली नाही. त्या दिवशी ती कामावर गेली नाही, आणि संध्याकाळी जावई न्यायला आला तेव्हा, आज इथेच राहते, एवढंच म्हणाली.