नवसाची दाढी

सुकदेवची दाढी छातीपर्यंत आली होती. कंपनीत सगळे त्याला महाराज म्हणून चिडवत आणि तोही हसण्यावारी नेई. बायकोसाठी दाढी राखली आहे, हे चारचौघांत सांगणार कसं?

दोन वर्षांपूर्वी तो आणि बायको केसर गलोंड्याला, कंपनीच्या भिंतीलगतच्या खोलीत राहत. तान्ही गुड्डी सारखी खोकायची. "घरात उग्र वास येतो," केसर म्हणायची. चुन्याच्या टाकीवर राबून राबून सुकदेवचं नाक केव्हाच मेलं होतं. "कुठे येतो वास? उगाच भास होतो तुला," म्हणून तो हसला. ते हसणं तिला लागलं. लेकीला काखोटीला मारून ती शिरपूरला माहेरी गेली ती गेलीच. ती परत येईपर्यंत तोंडाला वस्तरा लावणार नाही, असा सुकदेव देवीला नवस बोलला.

कंपनीत क्लोरीन आणि प्रोपिलीन पाण्यात एकत्र आणत, मग चुन्याचं दूध सोडून त्यातून प्रोपिलीन ऑक्साइड काढत. ते पुढे गाद्यांच्या फोमला जाई. बारा वर्षं नुसता चुना कालवल्यावर सुकदेवला आता क्लोरीनवर बढती मिळाली. तिथल्या माणसांना लांब टोकरखाड्यात क्वार्टर मिळे. केसरला आणण्याजोगं घर! त्याला काय करू नि काय नको झालं.

पण सेफ्टीचे श्रीकांत साहेब आडवे आले. चिपळूणचा माणूस, नियमाला पक्का.

"सुकदेव, दाढीवर मास्क घट्ट बसत नाही. कडेने गॅस आत शिरतो."

"साहेब, नवस आहे."

"मग तो क्लोरीनला सांगून बघ. नाहीतर चुन्यावर परत जा."

चुन्यावर गेला तर क्वार्टर जाणार आणि दाढी काढली तर नवस मोडणार. दोन दिवस त्याला घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी अथालच्या सलूनमध्ये तो खुर्चीत बसला, मनात देवीचे पाय धरले आणि पहिला केस पडताच भर दुकानात रडला. न्हाव्याला वाटलं, वस्तरा लागला.

रविवारी तो नव्या क्वार्टरमध्ये होता, तेव्हा नेहमीप्रमाणे गुड्डीचा व्हिडिओ कॉल आला. केसर फोन लावून द्यायची, स्वतः कधी समोर यायची नाही.

"हा बाबा नाही," गुड्डी म्हणाली आणि तिनं भोकाड पसरलं.

मग दोन वर्षांत पहिल्यांदा केसरचा चेहरा समोर आला. ती वाळली होती.

"दाढी काढली? सासूबाईंनी नवसाचं सांगितलं होतं मला." तिनं फोन जवळ घेतला. "मग आता माझी वाट पाहणं बी सोडलं का?"

"नाही गं! या घरासाठी काढली." त्याने घाईघाईने फोन फिरवला. रिकामी खोली, ओटा, खिडकी, सगळं दाखवलं. केसरनं खिडकीकडे निरखून पाहिलं.

"तिथे वास येतो का?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! सुकदेव खिडकीशी गेला, छाती भरून श्वास घेतला, पुन्हा घेतला.

"मला कळत नाही, केसर," तो म्हणाला. "तेव्हाही कळत नव्हतं. तूच येऊन सांग."