खामपाईच्या नावावरचं पुण्य

तालुका कचेरीतल्या पोरीने गरिबांचं कार्ड नाकारलं, तेव्हा खामपाई म्हातारीला आधी वाटलं, ही थट्टाच करतेय.

"आजी, तुम्हाला कशाला हवंय कार्ड? खोराट शहरात तुमची पाच घरं आहेत. पेट्रोल पंप आहे. डोंगरात हॉटेल आहे. वर पुन्हा सरकारी तांदळावर डोळा?"

"माझी मासळीची चार मडकी आहेत, बाई. नीट बघ, दुसरी कुणी खामपाई असेल."

पोरीने कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. नाव तिचं, गाव तिचं, मेलेल्या नवऱ्याचं नावसुद्धा बरोबर. तीस वर्षं ज्या बाईने बाजारात आंबवलेली मासळी विकली, जिच्या हातांचा वास साबणाने जात नाही, ती तालुक्यातली सगळ्यात श्रीमंत बाई निघाली होती. आणि हे तिला सोडून सगळ्या सरकारला माहीत होतं.

बाजारात बातमी तिच्या आधी पोचली. "या शेठाणीबाई! आज हॉटेलातून थेट इकडे?" कोथिंबीरवाली नुआन ओरडली. "दोन पळ्या जास्त घाला की, तुमच्या पंपाला काय फरक पडतो?"

खामपाईला हसू आलं नाही. हे कुणाचं काम ते तिला विचारावं लागलं नाही. तिची एकुलती एक मुलगी ओय पोलीस कर्नल थीरफतला दिली होती. विम्याचं काम आहे म्हणून जावयाने एकदा तिच्या सह्या नेल्या होत्या. जावई म्हणतो म्हटल्यावर कोण वाचत बसतं?

कर्नलच्या पगारात हॉटेल येत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. उसाच्या ट्रकवर मोराचं चित्र चिकटवलेलं असलं की गाडीत डोंगराएवढा ऊस असो, एकाही पोलीस नाक्यावर कुणी शिट्टी वाजवत नसे. मोर नसला की प्रत्येक नाक्यावर गाडी बाजूला. तो मोर कुठे विकत मिळतो आणि पैसा कुणाच्या घरी जातो, हे साऱ्या रस्त्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त वरच्या साहेबांना. त्यांनाही कळलं ते वाटणीवरून दोन अधिकाऱ्यांचं वाजलं आणि एकाने दुसऱ्याचं नाव फोडलं तेव्हा. चौकशी समिती बसली ती अशी. लाज वाटून बसली असती, तर तिचं कौतुक केलं असतं.

आठवड्याभरात जावयाची काळी गाडी झोपडीसमोर उभी राहिली. ओयही बरोबर होती.

"आई, काही घाबरायचं नाही," थीरफत चटईवर मांडी घालत म्हणाला. बोलणं मधाळ होतं. "समितीचे लोक विचारतील. सांगायचं, मासळीच्या धंद्यात बरकत होती, सोनं घेतलं, जमिनी घेतल्या. शिवाय बाबांकडे जुने बुद्धाचे ताईत होते, ते सिंगापूरच्या शौकिनांनी लाखोंना नेले."

"त्यांच्या गळ्यात एकच ताईत होता, जावईबापू. मातीचा. जत्रेत फुकट वाटलेला."

"ते समितीला कुठे ठाऊक आहे? आणि भिक्खूंना वस्त्रं द्यायचं यंदाचं चीवरदान तुमच्या नावाने करतोय. विहारात नवा सभामंडप, तोही तुमच्याच नावाने. एवढी दानशूर बाई गरीब कशी असेल? समितीच्या साहेबांनाही बोलावलंय. बघू देत डोळ्यांनी."

म्हातारीने मुलीकडे पाहिलं. ओय रडत होती. "आई, ह्यांना आत टाकतील गं. घर जप्त होईल. मग मी लेकीला घेऊन जाऊ कुठे? एवढं एकदा कर माझ्यासाठी."

खामपाईने मान हलवली. पोटच्या पोरीसाठी आई काय करत नाही? सरकारशी खोटं बोलायला तिची हरकतही नव्हती. सरकार तिच्याशी कुठे खरं बोलत होतं?

चीवरदानाच्या दिवशी अख्खा गाव लोटला. नव्या मंडपाच्या खांबावर सोनेरी अक्षरांत तिचं नाव. कर्ण्यावरून निवेदक बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "महादानी माता खामपाई!" खोटं कशाला सांगा, म्हातारीला क्षणभर बरं वाटलं. आयुष्यात कुणी तिचं नाव एवढ्या मोठ्याने घेतलं नव्हतं. समितीचे दोन साहेब पुढच्या खुर्च्यांवर नारळपाणी पीत होते.

थोरल्या भंतेंनी चीवर स्वीकारलं. मंडपाचा पैसा कुठला, हे त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांच्या विहारासमोरूनच तर मोरवाले ट्रक जात. मग पितळी भांडं खामपाईच्या हातात आलं. दात्याने वाटीत पाण्याची धार धरायची आणि ज्याला पुण्य पोचवायचं त्याचं नाव घ्यायचं. पुण्याचा वाटा मिळावा म्हणून मुलगी तिच्या कोपराला हात लावून बसली, जावई मुलीच्या पाठीला. नाव सगळ्यांना ऐकू जावं म्हणून थीरफतनेच माइक म्हातारीच्या तोंडाशी धरला.

तिला नवऱ्याचं नाव घ्यायचं होतं. ते ओठांवर आलं आणि तिथेच अडलं. सरकारशी खोटं बोलणं वेगळं. हे त्या माणसाशी होतं. आयुष्यभर ज्याने कुणाची फुकट विडी ओढली नाही, त्याच्या पदरात आता चोरीचं पुण्य घालायचं?

"भंते, हे दान माझं नाही," ती म्हणाली. कर्ण्यांनी ते शेतांपर्यंत नेलं. "माझ्याकडे मासळीची चार मडकी आहेत. मंडप मी बांधला नाही. ज्यांच्याकडून उकळून बांधला, पुण्य त्यांचं आहे. मला त्यांची नावं माहीत नाहीत. तुम्ही सगळे बसलाच आहात इथे, तर सांगा आपापली. मी पाणी ओतते."

साहेबांची नारळपाण्याची नळी तोंडातच राहिली. थीरफतने माइक ओढायला हात घातला, पण म्हातारीने तो मासळी धरावी तसा दोन्ही मुठींत धरला होता. भंते घाईघाईने मंत्र म्हणू लागले, तेही मोठ्याने.

मागून कुणीतरी उभं राहिलं. "प्रासोंग. ट्रक जप्त केला माझा, मोर नव्हता म्हणून."

"प्रासोंग," म्हातारी म्हणाली आणि धार सोडली.

"फिकुन. नूडलची गाडी, नाक्यावरची."

"वांडी! महिन्याच्या महिन्याला, साले!" कुणी हसलं, कुणी रडलं. मग नावं एकावर एक येऊ लागली. नुआननेही आपलं घेतलं.

"कर्णा बंद करा!" थीरफत मागे उभ्या असलेल्या फौजदारावर खेकसला. केस पिकलेला फौजदार मुकाट पुढे आला. तो बंद करणार, म्हणून लोक गप्प झाले. त्याने टोपी काढली.

"लामाय," तो माइकमध्ये म्हणाला. "माझी आई. मला इथे बदली मिळावी म्हणून साहेबांना द्यायला तिने म्हशी विकल्या. मग मीही रस्त्यावर वसूल केलं, लोकहो. तिच्या नावाने थोडं ओता, आजी."

खामपाईने ओतलं. भांडं रिकामं झालं, तेव्हा कुणीतरी पिण्याच्या पाण्याची बाटली पुढे केली.

थीरफत गाडीकडे धावला. समितीचे साहेब त्याच्या मागे गेले. आता न जाऊन चालणार नव्हतं, सगळा गाव बघत होता. ओय मात्र आईसमोर उभी राहिली. तिचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"समाधान झालं? माझं घर मोडलंस. आता आम्ही मायलेकी खाणार काय?"

म्हातारीचे डोळे भरून आले, पण आवाज भरला नाही.

"मासळी," ती म्हणाली. "तू लहान असताना खायचीस तीच. पहाटे उठावं लागेल, हाताला वास येईल. पण हा पैसा आला कुठून असं कुणी विचारलं, तर खाली बघावं लागणार नाही. येतेस?"

खामपाईने बाटली दुसऱ्या हातात घेतली आणि माइककडे तोंड केलं.

"कुणाचं राहिलंय अजून?"